विहिरीचं बोलावणं

गौराबाईच्या बापाने जावई धड बघितला नाही, भात किती पिकतं तेही विचारलं नाही. विहीर बघितली आणि मुलगी देऊन टाकली. त्याचं चुकलं असं कोण म्हणेल? कशेळ्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याला त्यांची वाडी. शिमगा सरला की तिथली विहीर तळाला जायची आणि बायका आत उतरून वाटीवाटीने कळशी भरायच्या. दांडवाडीच्या विहिरीत मात्र भर वैशाखात माणूस बुडेल एवढं पाणी. मोहोपाड्याच्या माळावरून पाताळगंगेकडे उतरायला लागलं की उजव्या हाताला एक जुना उंबर, त्याच्या सावलीत काळ्या दगडाने बांधलेली ही विहीर, आणि पाणी असं गोड की तुरीची डाळ निम्म्या लाकडांत शिजायची. लग्नाच्या दिवशी नवरा कसा आहे हे गौराबाईने नीट पाहिलं नाही, पण पाणी तांब्यावर तांब्या प्यायली. "नवरी काय उपाशी आनलीय का तहानलेली?" असं चुलतसासू सगळ्यांसमक्ष म्हणाली, आणि पुढे कितीतरी वर्षं हे बोलणं गौराबाईला चिडवायला पुरलं.

हे एकोणीसशे बावन्नच्या आसपासचं. माळावर तेव्हा गुरं चरत होती.

दर वैशाखात दांडवाडीत विहिरीचा उपसा व्हायचा. सगळं पाणी काढून विहीर रिकामी करायची, तळाचा गाळ घमेल्यांनी वर ओढायचा आणि झऱ्याचं नवं पाणी भरू द्यायचं. हे कुठेही करतात. त्या गाळात वर्षभरातल्या भानगडीही वर यायच्या. कुणाची बालदी, कुणाचा तांब्या, एका साली तर चुलतसासूचं जोडवं निघालं. ते जावेने चोरलं म्हणून तिने जावेशी अबोला धरला होता. जोडवं निघालं तरी अबोला लगेच सुटला नाही, कारण नुसत्या जोडव्यासाठी एवढा टिकवलेला राग असा एकदम टाकून देणं तिच्या जिवावर आलं.

दांडवाडीची खास रीत होती ती याच्या पुढची. नव्या पाण्याची पहिली कळशी गावच्या सुनेने काढायची नाही. ती माहेरवाशिणीने काढायची. म्हणून उपशाच्या आधी लेकींच्या सासरी एकेक नारळ जायचा. त्याला म्हणत विहिरीचं बोलावणं. लेकीला माहेरी धाडताना सासरची माणसं एरवी कितीही नाक मुरडोत, या नारळाला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्या आठवड्यात गावातल्या प्रत्येक ओट्यावर एकेक लेक पाय पसरून बसलेली दिसायची, सासूच्या नकला करताना.

गौराबाई पडली सून. तिला त्या कळशीचा मान मिळणार नव्हता, आणि तिच्या माहेरी उपसायला पाणीच नव्हतं. तिला पहिली मुलगी झाली तेव्हा तिच्या नवऱ्याचं, विठूचं, तोंड जरा उतरलं. ही बाजेवरूनच म्हणाली, "बरं झालं. आता आपल्या घरातनं बी पयली कळशी निंगल."

मुलीचं नाव गोदा. पुढे दोन झाली, ती राहिली नाहीत. गोदाच तेवढी एक.

माळावर रंगाचा कारखाना आला तेव्हा गोदा परकरात होती. लोक खूश झाले, आणि का होऊ नयेत? चार महिने शेती आणि आठ महिने इकडेतिकडे, असं चाललेल्या माणसांना घराजवळ काम मिळालं. कारखान्याच्या पाठीमागे एक भला मोठा खड्डा खणला होता आणि आतलं घाण पाणी त्यात सोडत. ते कधी जांभळं असायचं, कधी तांबडं. गाव त्याला रंगतळं म्हणे. पावसाळ्यात ते भरायचं, उन्हाळ्यात आटायचं. त्यातलं किती वर उडून जातं आणि किती खाली मुरतं, याचा विचार करायचा पगार तिथे कुणालाच मिळत नसावा.

गोदाचं लग्न झालं ते नेरळजवळच्या पोशीरला. भाताची चांगली शेती, जावई गजा शांत स्वभावाचा, सासू येसूबाई कडक पण न्यायाची. पहिल्या दोन वैशाखांत नारळ गेला आणि गोदा आली. तिने पहिली कळशी काढली तेव्हा गौराबाई गर्दीत मागे उभी राहून उगाच वाकून आपल्या लुगड्याचा काष्टा नीट करत राहिली. कुणाला डोळे दिसू नयेत म्हणून.

एकाहत्तर साली गोदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि त्याच हिवाळ्यात विहिरीला वास येऊ लागला. ट्रंकेत टाकतात त्या डांबराच्या गोळ्यांसारखा. कुणी म्हणालं, आत मांजर पडलं असेल. कुणी म्हणालं, विटाळाच्या बाईने दोराला हात लावला. लगेच बायकांची नावंही घेऊन झाली, कारण अशा वेळी बाईचं नाव सुचायला पुरुषांना मुळीच वेळ लागत नाही. कारखान्याचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. रोज सकाळी ज्या फाटकात उभं राहायचं त्याच्याकडे बोट कसं दाखवणार? सगळे मूग गिळून बसले.

गौराबाईने ठरवून टाकलं, गाळ कुजला आहे. आजवर विहीर बिघडली की उपसायची आणि उपसली की ती सुधारायची, यात कधी अंतर पडलं नव्हतं. ती विठूच्या मागे लागली, मग गावाच्या. "लेकीला दिवस भरत आलेत. बाळ काय ह्या वासात न्हायाचं? उपसा करा." उपसा झाला. वास राहिला. "परत करा," म्हणाली. मोहोपाड्याच्या एका खातेदाराचं तेलावरचं इंजिन मागून आणलं आणि विहीर तळापर्यंत पुन्हा कोरडी केली. वास राहिलाच. तिसऱ्यांदा करा म्हणाली तेव्हा पुरुष कुरकुरले, पण तिच्या तोंडापुढे कोण टिकणार? इंजिन रात्रंदिवस धडधडत राहिलं आणि या खेपेला आलेलं पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसलं. वासही कमी वाटला. नाकाला सवय झाली असेल, कोण जाणे.

मग पूजा. गौराबाईने ओल्या काठावर हळदीचं बोट ओढलं, आणि सगळ्यांच्या देखत ती पिवळी रेघ लाल झाली. कुंकवासारखी लाल.

मग चुलतसासूने हात जोडले. "विहिरीनं आपल्या हातानं कुंकू लावून घेतलं गं बायांनो! प्रसन्न झाली!" एकेक बाई पुढे झाली, एकेकीने हळद लावून बघितली, आणि प्रत्येकीची हळद लाल होत गेली. हळदीत चुना पडला की तिचं कुंकू होतं हे त्यातल्या सगळ्याजणींना ठाऊक होतं. पण काठावर चुना आला कुठून, असं एकीच्याही मनात आलं नाही. मनात आनंद मावत नसला की शंकेला जागा राहत नाही. नऊ महिने भरलेल्या गोदाने सावकाश वाकून पहिली कळशी काढली, आणि "पानी चांगलं हाय ना गं आये?" म्हणून विचारलं.

"चांगलं म्हंजे? बघ की, कुंकू झालं," गौराबाई म्हणाली.

मुलगी झाली. आजीने नातीला स्वतः न्हाऊ घातलं. डाळीचं पीठ, हळद, तेल, वर त्या विहिरीचं कढत पाणी. अंगावरची हळद लाल व्हायची आणि गौराबाई हरखून शेजारणीला हाक मारायची, बघा गं म्हणून. पाचवी झाली आणि बाळाच्या पाठीवर चट्टे उठले. दोन दिवसांत त्यांचे फोड झाले. अंघोळ घातली की पोर अशी किंचाळायची की विठू घर सोडून शेतात जाऊन बसायचा. घामोळं असेल, उष्णता असेल असं म्हणत गौराबाईने आणखी हळद लावली. शेवटी कर्जतच्या डॉक्टरने पाठ बघितली, पाणी कुठलं म्हणून विचारलं आणि सांगितलं, आधी पाणी बदला.

पोर वाचली. पाठीवरची कातडी पुढेही डागाळलेलीच राहिली. पुन्हा दृष्ट लागू नये म्हणून तिचं नाव मुद्दाम हलकं ठेवलं, कोंडी.

येसूबाई सुनेला न्यायला आली ती ओट्यावर चढली नाही. तिने आवाजही चढवला नाही. "विहीणबाई, ज्या पान्यानं माजी नात भाजली, त्या पान्यावर माजी सून परत येनार नाय. ती विहीर मानसानं प्यावी अशी झाली की नारळ धाडा. तवर नको."

गौराबाईने गोदाकडे पाहिलं. गोदाने पोर छातीशी धरली होती. ती एवढंच म्हणाली, "आये, मी तुला इचारलं व्हतं. तूच बोललीस, चांगलं हाय."

हे वाक्य गौराबाईच्या काळजात रुतलं ते रुतलंच.

पुढच्या साली गावाने आणखी मोठं इंजिन लावून उपसा केला आणि विहीर आणखी बिघडली. पाणी चहासारखं दिसायला लागलं. म्हैससुद्धा तोंड लावेना. मग विहिरीवरचे दोर निघाले. कारखान्याने आधी टँकर धाडला, मग गावाच्या तोंडाशी नळ आणून सोडला. नळाच्या पाण्याला औषधाचा वास यायचा, डाळ कशीबशी शिजायची, पण पाणी होतं. उपसा बंद, म्हणून नारळ बंद, म्हणून लेकींचं वैशाखातलं येणंही बंद. बाकीच्या लेकी दिवाळीला येत, गणपतीला येत, आपल्या सोयीने. गोदाला कुठलीच वाट उरली नव्हती.

भेटी झाल्याच नाहीत असं नाही. कर्जतला नात्यातल्या एका लग्नात मायलेकी शेजारी बसून जेवल्या. विठू गेला तेव्हा गोदा आली, बाहेरच्या बाहेर अंघोळ करून संध्याकाळच्या गाडीने परतली. पण ते भेटणं काय भेटणं? लेक आपल्या घरात सकाळी उशिरा उठावी, केस सोडून आपल्यापुढे बसावी, आपण तेल लावता लावता तिने सासूची नक्कल करावी, एवढंच गौराबाईला हवं होतं. विठू गेल्यावर तर घर खायला उठायचं. वैशाख लागला की तिला झोप लागत नसे. आपण गरीब आहोत, एकट्या आहोत, याचं तिला दुःख नव्हतं. आपल्याला लेक असून ती येत नाही, याचं होतं. आणि त्या पाण्याचंही होतं. तहान लागली की तिला नळाचं पाणी पिऊनही तहान भागल्यासारखं वाटत नसे. जीव त्या विहिरीवर जायचा.

एका वैशाखात तिला राहवलं नाही. बाजारातून सोडणासकट, न सोललेला एक नारळ घेतला, पिशवीत घातला आणि एस.टी.त बसली. ठरवलं होतं, येसूबाईला सांगायचं, विहीर चांगली झाली. कोण बघायला येतंय? गोदा आली की तिला नळाचंच पाणी देऊ. कर्जतच्या स्टँडवर ती नेरळच्या गाडीची वाट बघत बसली. गाडी आली, गेली. दुसरी आली. कंडक्टरने विचारलं, "आजी, येताय का?" ती उठली, पायरीला हात लावला आणि तिथेच थबकली. पाण्याच्या बाबतीत आपण लेकीला एकदा सांगितलं आणि काय झालं ते तिला आठवलं. तेव्हा निदान आपल्याला ठाऊक नव्हतं. आज ठाऊक असून सांगणार?

ती परत आली. नारळ कोनाड्यात पडून राहिला आणि त्याला पुढे कोंब फुटला. फोडून खायचं मन होईना, म्हणून तिने तो परसात लावला.

शहात्तरच्या सुमारास गोष्टी हलल्या. नदीतले मासे उलटे होऊन वर आले, खालच्या गावांनी आरडाओरडा केला, सरकारचा घाण पाण्याबद्दलचा कायदाही आला होता. कारखान्यात टिपणीस नावाचे साहेब आले. चणीने लहान, बोलायला मोजके. त्यांनी माळावर ठिकठिकाणी अरुंद बोअर पाडून जमिनीखालचं पाणी बाटल्यांत भरलं. एक दिवस ते विहिरीवर आले तेव्हा गौराबाई उंबराखाली बसली होती. तिने सरळ विचारलं, "सायेब, आमी एवढा उपसा केला, तरी ही सुदारली का नाय?"

साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही भात लावता ना? वरच्या खाचरातलं पाणी बांधाखालून खालच्या खाचरात पाझरतं, बरोबर? खालचं खाचर तुम्ही कोरडं केलं तर?"

"वरचं जास्तच पाझरंल."

"रंगतळं वर. नदी खाली. तुमची विहीर मध्ये. तुम्ही जेवढं उपसलंत तेवढं तिने तळ्याकडून ओढून घेतलं. एरवी यायला कितीतरी वर्षं लागली असती."

गौराबाईला तोंडात मारल्यासारखं झालं. "आनि हळद?" तिने हळूच विचारलं. "हळद लाल व्हायची."

"पाण्यात खार होता. कारखान्यातला. खाराने हळद लाल होते."

तिने पदर तोंडाला लावला. साहेब उगाच समजूत घालत बसले नाहीत, हे त्यांचं बरं. पदर सोडून ती म्हणाली, "मंग आता?"

"आता तेच करायचं. उपसायचं," साहेब म्हणाले. "रंगतळं बुजवतोय, खालची माती खणून नेतोय. पण जमिनीखाली जे आधीच उतरलंय ते तुमच्या विहिरीने ओढून घ्यायचं. इथे पंप बसवायचा, थांबायचं नाही, सगळं पाणी पाइपातून वर नेऊन कारखान्यात शुद्ध करायचं. प्यायचं मात्र नाही. आणि उपसलं नाही तर ते पुढे नदीकडे जाईल, खालच्या गावांच्या विहिरींत जाईल."

"किती वर्सं?"

"खोटं कशाला सांगू? दहा. पंधरा. जास्तही."

विहीर गावाची, त्यामुळे गावाची परवानगी हवी होती. गावातल्या पुरुषांचा ओढा दुसरीकडे. ही पीडा दगडमातीने बुजवून टाका आणि घरटी एक नळ द्या, असं त्यांचं म्हणणं. नागू पोलीस पाटील तर आधीच दगडांची गाडी ठरवून आला होता. बायका सभेत मागे बसलेल्या. गौराबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "नागूभाऊ, उपसा चालू असलेली विहीर कुनी बुजवतं का रं? गाळ निंगायचाय अजून. आपन मदीच उठून जेवायला गेलो, एवढंच समजा." कुणीतरी हसलं, कुणीतरी मान हलवली, आणि दगडांची गाडी आली तशी परत गेली.

तेव्हापासून गौराबाईच्या लेखी उपसा चालू होता. एवढा लांब उपसा दांडवाडीने पाहिला नव्हता इतकंच.

विहिरीच्या काठाला पत्र्याची खोपी उभी राहिली. आत पंप, आणि पंपाची राखण करायला ठाकूरवाडीचा जैतू. उंच, काळासावळा, जंगलात वाढलेला हा माणूस. दिवसभर यंत्राजवळ बसायचा त्याला पहिल्यांदा फार कंटाळा यायचा. गौराबाई येता-जाता थांबायची. कधी भाकर आणायची, कधी नुसत्या चौकशा. वीज गेली आणि पंप थांबला की ही घरातून धावत यायची, "जैतू, का रं थांबला?" जणू तिच्याच छातीतलं काही थांबलं होतं. "लाइट गेली, बाय. मी काय करू, फुंकर मारू?" असं जैतू म्हणायचा.

दर वैशाखात ती चिमूटभर हळद पुडीत बांधून आणायची. पंपाचं पाणी हातावर घ्यायची, त्यात हळद टाकायची. पहिली कितीतरी वर्षं लाल.

"कुंकूच हाय अजून," जैतू वाकून बघत म्हणायचा.

"कुंकूच हाय," ती म्हणायची, आणि हात धुवायला नळावर जायची. ज्या रंगाला एकेकाळी सगळ्या बायकांनी हात जोडले होते तो रंग तिला आता डोळ्यांसमोर नको असायचा.

मग एका साली तो रंग गेरूसारखा आला. पुढे भगवा. गौराबाईचे केस पांढरे झाले, जैतूच्या मिशा पांढऱ्या झाल्या, परसातला माड कौलांच्या वर गेला आणि त्याला नारळ लागले. तो माड बघितला की तिला कर्जतचा स्टँड आठवायचा. पोशीरला गोदाचा संसार चालला होता, कोंडी शाळेत जात होती, हे सगळं तिला येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळायचं. आपल्या लेकीची खुशाली परक्या तोंडून ऐकायची आणि चेहरा हसरा ठेवायचा, यात ती चांगली तयार झाली.

सत्त्याऐंशीच्या वैशाखात तिने हातावर पाणी घेतलं, हळद टाकली आणि थांबली. जैतूही थांबला. हळद पिवळी होती. दोघांनी बराच वेळ वाट पाहिली. पिवळीच राहिली.

ती अनवाणीच कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली. टिपणीस साहेब आता निवृत्तीला आले होते. तिला बघून त्यांनी खुर्ची ओढली. "मला माहीत आहे, बाई. खार गेला, रंग गेला. महिनाअखेर पंप थांबवतोय, खार परत चढतो का बघायला. धुण्याला वापरा, शेताला सोडा."

"आनि प्यायला?"

साहेबांनी चष्मा काढला. "वासाचं ते द्रव्य थोडं आहे अजून. जिभेला कळणार नाही, पण आहे. प्यायला नको. तुमच्या-माझ्या हयातीत नको."

एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं अर्धंच हाती आलं. गौराबाई परत येताना रस्त्यात बसली. रडली नाही, रडायला काही धड कारणही नव्हतं आणि न रडायलाही नव्हतं. मग घरी येऊन तिने आपल्या माडाचा एक नारळ पाडून घेतला आणि पोशीरची वाट धरली. या खेपेला ती कर्जतला थबकली नाही.

येसूबाई ओट्यावर बसली होती. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं तिला. गौराबाईने नारळ तिच्या हातात दिला. "विहीणबाई, खरं सांगायला आले. पानी प्यायाजोगं नाय झालं. आपल्या हयातीत व्हनार बी नाय. पर उपसा आता संपतोय. आमच्यात उपसा संपायच्या आधी लेकीला नारळ येतो, म्हनून आनलाय. धाडायची का नाय ते तुमी ठरवा."

येसूबाईने नारळ कुरवाळला. "इतकी वर्सं कुटं व्हता ह्यो?"

"तुमीच बोललात, चांगलं झालं तरच धाडा."

"रागात बोलले व्हते बाई मी. नात भाजली व्हती माजी. राग काय जलमभर ऱ्हातो?" येसूबाई म्हणाली. "दर वैशाखाला वाटायचं, आज येईल. तू आलीच नाय. मी आपल्या तोंडानं कशी बोलू?"

माणसं मागाहून असं बोलतात. त्या वेळी नारळ गेला असता तर येसूबाईने सून धाडली असती की दारातून परत पाठवला असता, हे आता कोण सांगणार? पण ते ऐकून गौराबाई खांबाला टेकून बसली. त्या वैशाखात कर्जतच्या स्टँडवर ती गाडीच्या पायरीला हात लावून उभी होती. चढली असती आणि नुसतं खरं सांगितलं असतं, तर? एवढंच करायचं राहिलं होतं. आणि तेवढ्यात लेकीचं तरुणपण निघून गेलं.

आतून गोदा आली. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते तिचे. सासूने जा म्हणायच्या आधीच तिने पिशवी भरायला घेतली. कोंडीला येसूबाईजवळ ठेवलं, आणि मायलेकी दुपारच्या गाडीला लागल्या. गाडीत गोदाने आईचा हात उतरेपर्यंत सोडला नाही.

महिनाअखेरीस पंप थांबला त्या सकाळी विहिरीवर इतकं शांत वाटलं की उंबरावरचे पक्षी ऐकू आले. विहिरीच्या तोंडावर एवढी वर्षं घातलेली जाळी जैतूने स्वतः बाजूला केली. गावातल्या सात-आठ बायका जमल्या होत्या. त्यातल्या तरुण सुनांना ही रीत नुसती ऐकून ठाऊक. गौराबाईने ओल्या काठावर हळदीचं बोट ओढलं. सगळ्या पुढे वाकल्या. रेघ पिवळीच राहिली, आणि म्हाताऱ्या बायका हसल्या.

गोदाने दोर सोडला. कळशी बुडल्याचा आवाज आला. भरलेली कळशी काठावर आली. पाणी काचेसारखं. पूर्वी पहिली कळशी काढणारी लेक आधी एक ओंजळ आपण प्यायची. गोदाच्या हातांना ते आठवत होतं. तिने ओंजळ भरली आणि तोंडाकडे नेली.

गौराबाईने तिच्या हातावर जोराने फटका मारला. पाणी दोघींच्या लुगड्यांवर उडालं.

"आये! एक घोट गं."

"नाय."

"चांगलं दिसतंय की."

"मागं बी दिसलं व्हतं," गौराबाई म्हणाली. "चांगलं नाय ते. मी सांगते ना, चांगलं नाय. घरी नळाचं हाय, ते पी."

गोदाने हात झटकले, कळशी उचलली आणि सगळं पाणी उंबराच्या मुळाशी ओतलं. रिकामी कळशी काखेला मारून ती घराच्या वाटेला लागली. बायका तिच्यामागून निघाल्या.

गौराबाई मागे राहिली. फटका मारला तो हात ओला होता. तिने तो नाकाशी नेला. डांबराच्या गोळ्यांचा वास नव्हता, कसलाच नव्हता. तिने वाटेकडे एकदा पाहिलं आणि तळहात ओठांना लावला.

बरोबर त्याच वेळी गोदा वळली. ती तशीच मागे आली, रागावली नाही. आईसमोर उभी राहून तिने विचारलं, "कसं लागतंय गं? तसंच हाय?"

गौराबाईने जीभ टाळूला लावली. पुन्हा लावली. लग्नाच्या दिवशी तांब्यावर तांब्या प्यायली ती चव, एवढी वर्षं नळाचं पाणी गिळताना जिची आठवण काढली ती चव. ती आठवू लागली, आणि हाताला काहीच लागेना.

"मला नाय आठवत गं," ती म्हणाली. "ती चव कशी व्हती, तेच नाय आठवत."

गोदाने कळशी खाली ठेवली, आईचा हात धरला आणि आपल्या पदराने तो कोरडा पुसून काढला.